परछीतलं जहाज

ताई सातवा महिना लागल्यावर बैहरहून घरी आली, तवा आमच्या परछीत पाय ठेवाले जागा नोहती. परछी म्हंजे घराच्या पुढची कवेलूच्या छपराखालची जागा, तिथंच बाबाचं सुतारकाम चाले, अन् तवा तिथं एक जहाज उभं होतं. खरंखुरं नाही, पन खेळन्यातलंही नाही. मानूस पाय पसरून त्यात झोपला असता इतलं लांब. नुसता सांगाडा झाला होता, मासा खाऊन काटा ताटात ठेवावा तसा. ताई जिजाजीच्या जीपमधून उतरली, एक हात कमरेवर, एक हात पोटाखाली, अन् पायरीवरच थांबली. म्हने, "बाबा, मी जाऊ कुठून? तुमच्या जहाजानं तं रस्ताच अडोला." बाबा रंदा हातात धरून हासले, "आडवी होऊन ये ना." "आडवी? आता मले आडवं-उभं सारखंच हाय," ताई म्हने, अन् माय आतून वरडली, "अहो, पोट्टीले उभी नोका ठेवू उन्हात! जहाज सरकवा पहिले!"

मी आता त्याच परछीत बसून हे लिहून राह्यली. माह्यंही पोट तसंच पुढं आलं. दोन ओळी लिहिल्या का दम लागते, मंग थांबतो, मंग पुन्हा. मी काही लय शिकलेली नाही, बारावी अर्धी सुटली, म्हनून जसं बोलतो तसंच लिहितो. अन् भेव वाटते म्हनून लिहितो. शेजारच्या बाया म्हनतेत, काहून भेतं वं, बाईची जात हे करतच आली. हौ, करत आली. ताईही करतच आली होती.

बाबा मुळात दरवाजे, खिडक्या, दिवान करनारे मिस्त्री. मंग लोक लोखंडी दरवाजे लावाले लागले अन् काम कमी झालं, तवा बाजारातल्या एका सेठनं त्याईले एक कागद आनून देल्ला. त्यावर जहाजाचं चित्र. "मिस्त्री, ये बना सकते हो क्या? गोवा में टूरिस्ट लोग खूब लेते हैं." बाबानं कागद उभा धरला, आडवा धरला, म्हने, "बना तो देंगे सेठ, लेकिन ये है क्या?" ते जहाज म्हंजे जुन्या काळी गोरे लोक नवा देश शोधाले निघत ना, त्याईचं. इंजिन नाही, काही नाही, नुसतं हवेवर चालनारं. मांगून उंच, पुढून चोच काढल्यावानी, मधात पोट मोठं, तीन डंडे अन् डंड्याईवर शिडं. सेठ म्हने, याले कॅरावेल म्हनतेत. ताईचं तवा लग्न झालं नोहतं, ती दाराआडून म्हने, "का? कारल्याचा वेल?" तवापासून घरात त्याले कारलंच म्हनत. आज एक कारलं झालं. ह्या कारल्याले शिडं लावा. आमच्या घरात कोनीच समुद्र पाह्यला नोहता. बाबानं पुरात वैनगंगा पाह्यली होती, बस, तितलंच मोठं पानी त्याईच्या डोळ्यात होतं. ते म्हनत, पूर आला का दुसरा काठ दिसत नाही ना, तसंच असन, पन गढूळ नसन.

लहान जहाजं ओंजळीएवढी असत. बाबा शिवनीच्या लाकडाचं पोट कोरत, बांबूच्या काड्याईचे डंडे लावत. शिडं माय करे. जुन्या धोतराचे तुकडे चहाच्या पान्यात बुडवून मयकट करे, म्हंजे ते लय जुने दिसत, मंग भाताच्या पेजंत भिजवे अन् उलट्या मडक्यावर वाळत टाके. वाळून कडक झालं का शीड मडक्यासारखं फुगलेलंच राहे, जसं का आताच त्यात हवा भरली. तोफा आम्ही संपलेल्या पेनच्या रिफिला कापून, काळा रंग लावून करत असो. अन् दोऱ्या माह्याकडं. डंड्यापासून काठापर्यंत दोऱ्याईची जाळी असते, शिडीसारखी, तिच्यावरून ते लोक वर चढत. काळ्या दोऱ्याले मेन लावाचं, म्हंजे फिसकटत नाही, अन् बारीक बारीक गाठी माराच्या. बाबाची बोटं जाड, मायले डोळ्यानं दिसे ना, म्हनून शाळेतून आली का मी ते करो. सेठनं एका मोठ्या शिडावर लाल क्रॉस काढाले सांगतलं होतं, चित्रात होता तसा. शेजारच्या शेवंताकाकूनं तो पाह्यला अन् म्हने, "काहो मिस्त्री, दवाखान्याचं जहाज होय का हे?" बाबा म्हने, "हौ, तुमच्या गुडघ्यासाठीच बनवून राह्यलो, बसा आत."

परछीतलं मोठं जहाज मात्र एकच होतं. गोव्याच्या कोन्या हॉटेलच्या दारातल्या खोलीत ठेवाचं होतं. बाबानं इतलं मोठं काम आधी कधी केलं नोहतं. फासळ्या लावल्या, मंग त्यावर एक एक फळी वाकवून बसवाची, वाकाले पाहिजे म्हनून फळीवर गरम पानी टाकाचं. ताई आली तवापासून तीही मदतीले बसे. भिंतीले पाठ टेकून, पाय लांब करून, मांडीवर दोरे. डॉक्टरीननं तिले आराम कराले सांगतलं होतं, पन ताईचा आराम म्हंजे तोंड चालू. एक दिवस मायनं शिडाचा ओला कपडा हातात धरला अन् मडकं शोधून राह्यली, तं ताई म्हने, "माय, मडकं काहून शोधतं? हे हाय ना माह्यं. टाक इथं." अन् खरंच तिनं तो पेजंतला थंड कपडा पोटावर ठेवला. आतून पोट्टीनं लाथ मारली. कपडा हालला. आम्ही तिघी इतल्या हासलो का बाबा हातातलं काम टाकून पाहाले आले, अन् ताईनं लाजून पदर ओढला. बाबाही लाजले. बाहेर जाऊन उगीच बिडी पेटवली.

त्या दिवसाईत घरात डिंकाचा, मेथीचा वास राहे. ताईले लाखोळीची डाळ अन् सुकट खावी वाटे, माय म्हने सुकट गरम असते, ताई म्हने गरम असते तं थंड करून दे. संध्याकाळी गोंदियाकडची गाडी शिटी मारे तवा बाबा हत्यारं गोळा करत, अन् पॉलिस पेपरनं घासाचा तो सर्र-सर्र आवाज बंद झाला का घर एकदम रिकामं वाटे. मी तवा बारावीत होती. इतिहासाच्या पुस्तकात नेमका त्याच जहाजाईचा धडा होता, हिंदीत, मी मोठ्यानं वाचो अन् सगळे आयकत. महिना-महिना जमीन दिसत नसे. पिवाचं पानी सडे. पावात अळ्या पडत, तेच खात. हिरड्या सुजून मानसं मरत अन् त्याईले तिथंच पान्यात सोडून देत. अन् पुढं काय हाय हे कोनालेच मालूम नसे, जो सगळ्यात मोठा होता त्यालेही नाही. ताईनं दोरा दातानं तोडला अन् इचारलं, "अन् त्याईच्या बायका?" "पुस्तकात नाही," मी म्हनलं. "घरी राहत असतीन," बाबा म्हने. "मंग त्याईले कोन सांगे, का बाप्पा तुहा नवरा येऊन राह्यला का गेला?" "कोन सांगनार? वाट पाहाची," माय म्हने. ताईनं नवा दोरा घेतला, त्याले मेन लावलं. मंग म्हने, "आपला मानूस बरा. बैहर-बालाघाट करते, संध्याकाळी घरी येते." जिजाजी त्याच रस्त्यावर सवारीची जीप चालवत. फार बोलत नसत. आठवड्यातून एखाद वेळा येत, परछीच्या कोपऱ्यात बसून चहा पीत, अन् जहाजाकडं असं पाहत, जसं का त्याचं स्टेरिंग कुठं हाय ते शोधून राह्यले.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. सकाळी ताई भाजी निवडाले बसली अन् तिच्या पोटात दुखाले लागलं. जिजाजी आदल्या दिवशीच आले होते, जीप दारातच होती, म्हनून दवाखान्यात जाले काहीच वेळ लागला नाही. पोरगी झाली. नर्सबाईनं आम्हाले दाखवली. ताईनं मान वळवून तिच्याकडं पाह्यलं, मले म्हने, "पाह्य वं, कशी कारल्यावानी सुरकुतली." हासली. मंग रक्त थांबेच ना. डॉक्टरीनबाईनं लय केलं, बाटल्या लावल्या, जिजाजीनं रक्त देल्लं, बाबानं देल्लं, धावपळ, पडदे, आम्हाले बाहेर काढलं. कोनाची काही चूक नोहती. हे मी स्वतःले कितीतरी वेळा सांगतलं अन् आताही सांगून राह्यली, कारन त्याच दवाखान्यात माह्यंही नाव लिहून ठेवलं हाय. पुढचं मले लिहिता येत नाही. पोट्टी तेवढी घरी आली, माह्या ओढनीत गुंडाळलेली, अन् आमच्या परछीत ताईले ठेवाले बाबानं ते मोठं जहाज ढकलून अंगनात नेलं.

ताईच्या जलदानाच्या दिवशी घर पाहुन्याईनं भरून गेलं होतं. भंतेजी बोलून राह्यले होते, मेनबत्त्या, पांढऱ्या साड्या, रडनं, अन् मधात ती लहानशी जान सारखी वरडे. दुधाची बाटली तिले जमे ना. झोळी बांधाले आढं मोकळं नाही, खाली टाकावी तं मुंग्या अन् मानसाईचे पाय. मी तिले घेऊन बाहेर आली. जहाज पुन्हा परछीच्या काठाशी, दोन लाकडी घोड्याईवर ठेवलं होतं. फळ्या लागल्या होत्या पन वरचं झाकन, ज्याले बाबा तक्ता म्हनत, ते लागाचं होतं. आत पोट मोकळं. मी ताईची गोधडी आत हातरली अन् तिले ठेवलं, दुसरं काही सुचलंच नाही मले. लाकडाचा वास असन, का घोडी थोडीशी हाले म्हनून असन, ती गप झाली. इकडं तिकडं पाह्यलं, मुठी सोडल्या अन् झोपली. मी काठ धरून उभी होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळी रडली.

मंग तेच तिचं ठिकान झालं. चिमी म्हनाले लागलो तिले, नाव ठेवाचं कोनाच्या मनातच आलं नाही. दिवसभर जहाजात राहे. मी शाळेत जानं बंद केलं. बंद केलं असं नाही, आज नाही उद्या जाईन असं करता करता गेलीच नाही. दूध गरम कर, बाटली उकळ, ढुंगन धू, लंगोट वाळत टाक. दोऱ्याईच्या गाठी माराले जी दोरी बांधली होती तिच्यावरच लंगोट वाळत. अन् बाबाले काम तं करनंच होतं, सेठ दर आठवड्याले येऊन पाहून जाये. चिमी आत झोपली असली का ठोकाठोक करता येत नसे, म्हनून बाबा पॉलिस पेपर घेऊन बाहेरून घासत बसत. सर्र-सर्र. त्या आवाजानं तिले झोप येई. आवाज थांबला का डोळे उघडे अन् रडे. म्हनून बाबा घासतच राहत. गुळगुळीत झालेली फळी घासत, पुन्हा घासत, भूसा उडून त्याईच्या मिशा पांढऱ्या होत. माय म्हने, "अहो, जेवून घ्या." ते नुसती मान हालवत, का आवाज तुटू नये. बाबा ताईसाठी आमच्यापुढं रडले नाही. जे होतं ते त्या फळीवर घासलं त्याईनं.

तीन-चार महिन्यानं एका दुपारी ताईची सासू जिजाजीसंगं आली. चांगली बाई हाय ती, मी आता तिच्यासंगंच राहतो म्हनून नाही म्हनत, तवाही चांगलीच होती. येऊन पहिले जहाजात डोकावली, चिमीच्या गालाले बोट लावलं अन् डोळे पुसले. मंग परछीतच बसली. माय चहा घेऊन आली. मी जहाजाच्या मांगच्या उंच बाजूआड दोऱ्याले मेन लावून राह्यली होती, तिथून मले सगळ्याईचे पाय दिसत, तोंडं दिसत नसत. बाबाचं घासनं चालूच.

"पोट्टी आमची हाय, तिले मी नेईन," सासू म्हने. "पन नेऊन करू काय, सांगा? माह्या गुडघ्यात जान नाही. हा गाडीवर जाते, वापस येते तं दिवस बुडालेला. उद्या दुसरी आनली, तिले का तुमच्या सुजाताच्या पोट्टीची माया येईन? तिले तिचं झालं का हे कोपऱ्यात."

"सरळ बोला ना विहीनबाई," माय म्हने.

"सरळच बोलतो. लहानी द्या आम्हाले. अठराची झाली ना ती? घरातली पोरगी घरातच येईन, लेकराले माय भेटन. आपल्या लोकाईत हे काही नवं नाही. माह्या नंदेचं असंच झालं, आज नातू खेळवते."

"तिची बारावी हाय."

"बारावी का पळून जाते?"

"पळूनच जाते," माय म्हने. "माह्यी चौथी पळाली ना. अजून सापडली नाही."

कोनी हासलं नाही. सासू म्हने, "मिस्त्री, तुम्ही बोला ना काही. तुम्ही तं बाप." बाबाचे हात थांबले. मी आयकून राह्यली होती का ते आता काय म्हनतेत. पन आवाज थांबल्याबरोबर चिमी जागी झाली अन् वरडली. बाबानं पुन्हा घासनं सुरू केलं. चिमी गप. सासूनं थोडं थांबून पुन्हा इचारलं, बाबानं हात थांबवला, चिमी पुन्हा वरडली. असं झालं का त्याईले एक शब्द बोलताच येईना. शेवटी जिजाजीच उठले. जीपची चावी हातात फिरवत म्हने, "चल आई. तिले कोनी इचारलंच नाही अजून. इचारल्याशिवाय काही होनार नाही." अन् माह्याकडं न पाहता अंगनात गेले. इतलं लांब वाक्य मी त्याईच्या तोंडून पहिल्यांदाच आयकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हने, चल, बांबू आनू. डंड्याईसाठीचे बांबू आम्ही वैनगंगेच्या काठाशी, पान्यात दगडाखाली दाबून ठेवत असो, म्हंजे मंग त्याले कीड लागत नाही. पानी घोट्याएवढं होतं, थंड. बाबानं धोतर वर खोचलं, दगड बाजूले केला, बांबू ओढाले लागले. माह्याकडं पाठ होती. म्हने, "तुले काय वाटते बेटा?"

मी म्हनलं, "मी नाही म्हनलं तं?"

"तं नाही. मी सांगीन त्याईले. कोनी काही म्हननार नाही तुले."

"अन् चिमी?"

बांबू चिखलातून निघेना. बाबानं जोर लावला, निघाला तं बाबाच पान्यात बसले, अर्धे ओले झाले. तसेच बसून राह्यले. म्हने, "चिमी त्याईची हाय. तिचं माह्या हातात नाही."

मले तवा काय काय वाटलं, ते एका जागी सांगता येत नाही. चिमीचा वास माह्या अंगाले लागला होता, रात्रंदिवस. ती मले सोडून दुसऱ्या कोनाच्या हातून बाटली घेत नसे. अन् दुसरीकडं जिजाजी म्हंजे ताईचा नवरा, त्याईच्या चहात मी साखर जास्त टाकून मजा घेत असो, त्याईच्यासंगं घर कसं कराचं? अन् सगळ्याईच्या खाली ते दुसरंच. मी म्हनलं, "बाबा, मले भेव वाटते. मीही मरीन तशीच."

मले पाहिजे होतं का बाबानं खोटं बोलावं. काही नाही होत वं, असं म्हनावं, जसं सगळे म्हनतेत. पन बाबा त्या थंड पान्यात बसून माह्याकडं पाहत म्हने, "मलेही भेव वाटते." बस. आम्ही दोघं बांबू खांद्यावर घेऊन निघालो, एक टोक त्याईच्याकडं, एक माह्याकडं, पानी गळून राह्यलं होतं. आमची गल्ली आली तवा घरातून चिमीचा आवाज आयकाले आला. मायच्यानं ती राहत नोहती. मी चालता चालताच म्हनलं, "हौ सांगा त्याईले." बाबा थांबले नाही, मांगं पाह्यलं नाही. नुसतं बांबूचं त्याईचं टोक हाललं.

आज इचार करतो तं वाटते, मी चिमीसाठी हौ म्हनली का तिच्या रडन्यासाठी म्हनली, का बाबाले ते भेव एकट्यानं धरा लागू नये म्हनून म्हनली? मले अजून समजलं नाही. समजलं असतं तं लिहिलं असतं.

लग्न विहारात झालं, सकाळी, थोड्या लोकाईत. पांढरी साडी होती. आमच्याकडं लग्नातही पांढरी अन् जलदानातही पांढरी, हे मले आधी कधी दिसलं नोहतं, त्या दिवशी दिसलं. त्याआधी जहाज पुरं कराचं होतं. तक्ता लावाच्या दिवशी मायनं चिमीले उचललं, गोधडी काढली. आतून दुधाचा आंबूस वास येऊन राह्यला होता. बाबा म्हने, धुवून घेतो. माय म्हने, "राहू द्या. तिथं कोनाले वास येनार हाय?" मंग बाबानं वरून फळ्या ठोकल्या. चिमी मायच्या मांडीवर प्रत्येक ठोक्याले दचके अन् रडे, अन् ह्या वेळी बाबा थांबले नाही. तीन डंडे उभे राह्यले, मायची शिडं लागली, माह्या अन् ताईच्या गाठीची जाळी ओढून बांधली. ताईच्या गाठी मी ओळखतो. ती दोरा दोनदा फिरवे, मी एकदाच. सेठ टेम्पो घेऊन आला, चारही बाजूनं फिरला, खुश झाला. मंग एका बाजूवर बोटानं वाजवलं. दुसऱ्या बाजूवर वाजवलं. "मिस्त्री, ये साइड पतली कैसे हो गई?"

"घिस गई, सेठ," बाबा म्हने.

टेम्पो गेला अन् थोड्या दिवसानं मीही गेली, बैहरकडं. जिजाजी चालवून राह्यले होते, सासू समोर, मी मांगं चिमीले घेऊन. घाट लागला तवा मले उलटी झाली. त्याईनं गाडी थांबवली, पानी देल्लं, म्हने, "हळू नेतो." अन् खरंच इतली हळू नेली का मांगच्या गाड्या हॉर्न मारून पुढं गेल्या. त्याईले जिजाजी म्हनाची सवय माह्या तोंडातून जातच नोहती. लय दिवस मी त्याईले काहीच म्हनलं नाही. ते म्हने, तुले जे वाटन ते म्हन, नाही वाटन तं नोको म्हनू. मानूस चांगला. मी हे का लिहून राह्यली, तं कोनी असं समजू नये का माह्यावर काही जुलूम झाला. जुलूम नाही झाला. कोनी मारलं नाही, कोनी बोललं नाही. जे गेलं त्याचं नाव काय, तेच मले सापडत नाही.

आता पहिलं बाळंतपन माहेरी म्हनून मी बालाघाटले आली. चिमी संगं हाय, पाच वर्षाची झाली, अंगनात बाबाच्या मांगं मांगं फिरून राह्यली. बाबानं जहाजं करनं सोडलं. मी पानी पिवाले उठली तरी ते उठून उभे राहतेत. माय लाडू वळते अन् दर थोड्या वेळानं इचारते, दुखते का. मी म्हनतो, नाही. तिचं तोंड पाहून मीच तिले धीर देतो. जीप दारात राहीन, ते म्हनाले हायेत, दिवस भरले का मी येऊन बसतो, कुठं जात नाही. काही झालं तं चिमीले हे कोनी वाचून दाखवावं, का तिची जन्माची माय कशी होती, किती बोले, कशी हासे. ते मी सांगीन असं वाटलं होतं, पन तोंडानं सांगाले बसली का दम लागते.

एक राह्यलं. बैहरच्या घरी ताईचा फोटो भिंतीवर हाय. मी रोज सकाळी चिमीले कडेवर घेऊन तिथं नेत असो. फोटोले बोट लावून म्हनो, हे माय. मंग स्वतःच्या छातीले बोट लावून म्हनो, मी मोशी. तिनं चुकू नये असं मले लय वाटे. ताईचं जे होतं ते ताईचंच राहावं. ती काही बोलत नसे, नुसती पाहे. मंग एक दिवस, वर्षाची होऊन गेली होती, मी अंगनात मोहफूलं वाळत टाकून राह्यली होती अन् ती उंबरठ्यावर बसली होती. म्हने, "माय." साफ. मी मांगं वळून पाह्यलं, कोन आलं म्हनून. मांगं नुसतं कुंपन होतं अन् ऊन. मी फुलं पसरवत राह्यली. तिनं पुन्हा आवाज देल्ला, या वेळी जोरात, रागानं, जसं का मीच बहिरी हावो.

तवा मी "ओ" म्हनलं.